पलीकडची भिंत

आमच्या तलावावरच्या त्या मोठ्या प्रशिक्षकांबद्दल मी काही लिहावं, असं मला कुणीही सांगितलेलं नाही. उलट "जाऊ द्या ना मॅडम, मोठा माणूस आहे," असं सांगणारेच भेटतात. मोठा आहे हे मलाही मान्य आहे. आवाज मोठा, खुर्ची मोठी, गळ्यातल्या घड्याळाची दोरीसुद्धा इतरांपेक्षा जाड. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्या चार वर्षांत मी त्यांना ओलं झालेलं एकदाच पाहिलं, तेही पंपाचा पाइप फुटला तेव्हा.

राहुरीच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्याला लागून एका शिक्षणसंस्थेचं आवार आहे. शाळा, कॉलेज, वसतिगृह, मंगल कार्यालय सगळं एकाच कंपाउंडात. त्या आवारात एके वर्षी पंचवीस मीटरचा तलाव बांधला. तलाव बांधल्यावर संस्थेला आठवलं, की पोहायला शिकवणारं कुणी नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. कोल्हारची असल्यामुळे लहानपणापासून प्रवरेत पोहत आले होते. पण माझ्या नावावर तलाव चालला असता तर उद्घाटनाला पाहुणे आले नसते. म्हणून सरांना आणलं.

सरांची कारकीर्द एका फ्रेममध्ये मावत होती. ती फ्रेम त्यांनी ऑफिसात आल्याबरोबर पहिल्या दिवशी ठोकली. फोटोत एक मुलगी पदक घालून उभी होती आणि शेजारी सर. ती मुलगी राष्ट्रीय पातळीवर पोहली होती, हे खरं. तिला सरांनी शिकवलं होतं, हेही खरं, एका उन्हाळ्याच्या सुटीत. नंतर ती दुसऱ्या तलावावर गेली, दुसऱ्याकडे शिकली आणि जिंकली. जिंकल्यावर फोटो काढायला मात्र सर वेळेवर पोहोचले. हे मला त्यांनीच सांगितलं, फक्त त्यांच्या सांगण्यात त्या दुसऱ्या तलावाचा उल्लेख "मधल्या काळात" एवढाच होता.

ते पाण्यात का उतरत नाहीत, यावर मुलांमध्ये बऱ्याच चर्चा चालायच्या. कुणी म्हणायचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कुणी म्हणायचं, एवढ्या मोठ्या माणसाला गरज काय. मला कारण ठाऊक होतं. दर दुसऱ्या रविवारी सर केसांना कलप लावायचे, आणि आमच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर फार असायची.

त्यांची पद्धत शिस्तीची होती, असं सगळे म्हणतात. सकाळी सहाला सर यायचे. कडुलिंबाखाली, तलावाच्या अलीकडच्या टोकाला, जिथे शिडी होती तिथे त्यांची खुर्ची मांडलेली असायची. शेजारी फळा. मुलं पोहायची, सर घड्याळ दाबायचे आणि आकडा मला न सांगता स्वतः फळ्यावर लिहायचे. आकडा लिहिताना त्यांचा चेहरा डॉक्टरसारखा व्हायचा. मग निदान सांगायचे. निदानं तीन होती: दम कमी, मन कमकुवत, आणि घरचं खाणं चुकीचं. चौथं निदान मी चार वर्षांत ऐकलं नाही.

नवीन मुलाला पहिला धडा ठरलेला होता. "विहिरीतलं सगळं विसरायचं," सर म्हणायचे. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं विहिरीत शिकलेली. पाठीला कॅन नाहीतर भोपळा बांधून बापानं नाहीतर काकानं ढकललेली. सर त्यांना विसरायला सांगायचे, पण विहिरीत नेमकं काय शिकलात, हे त्यांनी एकालाही विचारलं नाही. काय विसरायचं हे माहीत नसताना विसरायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडत नसे. सरांना प्रश्न पडायचे नाहीत, हा त्यांचा मुख्य गुण होता.

आणि दुसरा नियम माझ्यासाठी होता. "पाण्यात दोन आवाज नकोत." म्हणजे सूचना एकट्या सरांनी द्यायच्या. पहिल्याच महिन्यात मी एका मुलाला पाय जास्त वाकवतोस म्हणून सांगितलं. समोर पालक उभे होते. सर खुर्चीतून न उठता म्हणाले, "मॅडम, तुम्ही टॉवेल सांभाळा. पोहणं मी सांभाळतो." पालक हसले. एका आईनं तर खरोखरच आपल्या मुलाचा टॉवेल माझ्या हातात दिला.

तो टॉवेल मी घेतला. घरी जाऊन संतापानं रडले, आणि त्या दिवसापासून मी सरांना एक शब्दही सुचवला नाही. मला पलीकडच्या टोकाला उभं राहायचं काम होतं, कुणी बुडायला लागलं तर बघायला. तिथे उभं राहून मी सरांची गंमत बघत असे. ते काय चुकले, कुठे चुकले, याची मनातल्या मनात नोंद ठेवायची आणि हसायचं. मला तो एक छंदच लागला होता म्हणा ना.

तिसऱ्या वर्षी एक नवीन मुलगी आली. जामखेड तालुक्यातली, खर्ड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे, ते थेट उन्हाळ्यात परत. मुलीची शाळा बुडू नये म्हणून एका मास्तरांनी खटपट करून तिला आमच्या वसतिगृहात घातलं होतं. नववीतली, हडकुळी, खांदे मात्र रुंद. पहिल्या दिवशी तिनं उडी मारली आणि गेली की सरळ. डोकं वर, मान ताठ, हात लांब. सरांनी घड्याळ दाबलं, बघितलं, आणि पुन्हा बघितलं. मी पलीकडून बघत होते. एवढा वेग आमच्या तलावानं पाहिला नव्हता.

सरांच्या डोळ्यांत तेव्हाच दुसरी फ्रेम ठोकली गेली.

तिच्यात एक गोष्ट होती, आणि ती पलीकडच्या टोकालाच दिसत होती. ती भिंतीपर्यंत यायची, पाण्यातून डोकं काढून एकदा बघायची, आणि भिंतीला न शिवता हातभर अलीकडेच अंग मुडपून वळायची. पाणी उडायचं. खुर्चीतून बघणाऱ्याला वाटावं, काय झकास कोलांटी मारली. पण भिंतीला ना हात लागायचा ना पाय. शर्यतीत भिंतीला अंगाचा कुठला ना कुठला भाग टेकवावाच लागतो, नाहीतर पोहणारा बाद. हे पोहण्यातलं अगदी बिगरीतलं. शिवाय भिंतीला पाय मारून जो रेटा मिळतो, तोही तिला त्या टोकाला मिळत नव्हता. तरीही ती सगळ्यांच्या पुढे होती.

एकदा कपडे बदलायच्या खोलीबाहेर वेणी घालत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं, "तुला पोहायला कुणी शिकवलं गं?"

"चुलत्यानं," ती म्हणाली. "आमची हीर लई खोल हाय मॅडम. पाऊस झाला की भरती. चुलता वर बसायचा काठी घिऊन. भिताडाला हात लावला की काठी."

"का?"

"कपारीत दिवडं असत्यात ना, पान्यातली सापं. आन् दगडं ढिली. एकदा एक पोरगं धरायला गेलं आन् दगूड त्याच्या डोक्यात. पायऱ्या हायेत तिकडंच फकस्त हात लावायचा. बाकी भिताडाला न्हाई."

मला एका झटक्यात सगळा उलगडा झाला. शिडी होती ते टोक म्हणजे तिच्या लेखी पायऱ्या. तिथे ती भिंतीला शिवायची, सरांनी दाखवलं तसा पाय मारायची. सरांनी वळण शिकवलं ते त्याच टोकाला, कारण ते तिथे बसायचे. पलीकडच्या टोकाला काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे चुलत्याचा नियम चालू होता.

"बाकीची पोरं तर दोन्हीकडं हात लावतात," मी म्हटलं.

"ती दमत्यात ना," ती म्हणाली आणि जरा बरं वाटल्यासारखी हसली. विहिरीत भिंत धरतो तो कच्चा पोहणारा. मला धरावी लागत नाही, याचा तिला अभिमान होता.

आता इथे मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. एक तिला, एक सरांना. मी उठले आणि घरी गेले. पाण्यात दोन आवाज नकोत, असं साहेबांचं फर्मान होतं ना. मग राहू दे म्हटलं एकच आवाज.

पुढचे तीन-चार महिने सरांनी जे केलं, ते आठवलं की अजून माझं तोंड कडू होतं. शंभर मीटर म्हणजे आमच्या तलावात चार फेऱ्या. सरांच्या वहीत प्रत्येक फेरीचा वेगळा वेळ लिहिलेला असे. तिची पहिली फेरी जोरात, दुसरी मंद, तिसरी परत जोरात, चौथी परत मंद. दमलेला माणूस तिसऱ्या फेरीला ताजातवाना कसा होतो, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. मंद फेऱ्या दोन्ही पलीकडून अलीकडे येतानाच्या होत्या. उत्तर त्यांच्याच अक्षरात त्यांच्याच वहीत होतं. खुर्चीतून उठून पंचवीस मीटर चालत आले असते तर डोळ्यांनीही दिसलं असतं. पण पलीकडे सावली नव्हती.

सरांनी निदान केलं: दम कमी. तिसऱ्या फेरीचं काय, असं वसतिगृहाच्या रेक्टरनं भोळेपणानं विचारलं, तर म्हणाले, "तो फसवा जोर असतो. तुम्हाला नाही कळायचं." मग उपचार सुरू झाले. पहाटे कारखान्याच्या रस्त्यानं धावणं. कमरेला प्लास्टिकची बादली बांधून पोहणं. दोरीवरच्या उड्या. कच्ची अंडी. ती माळकरी घरातली, अंड्याच्या वासानंच तिला ढवळायचं. रस्त्याच्या कडेला बसून ओकायची, तोंड पुसायची आणि पुन्हा धावायची. सर मोटारसायकलवरून तिच्या मागे असायचे. एवढं सगळं करून दुसरी फेरी मंद ती मंदच.

ती का सोसत होती, तेही सांगते. विभागीय स्पर्धेतून पुढे राज्याला निवड झाली, की सरकारी निवासी केंद्रात जागा मिळण्याची शक्यता होती. तिथे राहणं, शाळा, सराव सगळं. नाहीतर तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं, की दहावीपर्यंत वगैरे काही नाही, आईची कंबर गेलीय, या दिवाळीनंतर पोरगी कोयता घेऊन बरोबर येणार. "निवड झाली तर मग न्हाई न्येणार म्हनलेत," असं ती मला सांगायची. दर आठवड्याला सांगायची. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःसाठी ठेवलेली नाही.

जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच तलावावर झाली. पलीकडच्या टोकाला पंच कोण? मी. तिनं दोन्ही वेळा हातभर अलीकडे वळण घेतलं. मी हात वर केला नाही. त्या वेळी मी स्वतःला जे कारण दिलं, ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. इथे हात वर केला तर सर म्हणतील, बाईला जळफळाट झालाय. इथे नको. विभागीय स्पर्धेला पुण्याला मोठमोठे लोक असतील, तिथे होऊ दे. तिथे त्या फ्रेमवाल्याची सगळ्यांसमोर शोभा होऊ दे. तेव्हा पोरीचं काय होईल, हा विचार मला आलाच नाही असं नाही. आला, आणि मी त्याला बाजूला बसवलं.

दसऱ्याच्या आगेमागे पुण्याला गेलो. जीपमध्ये ती माझ्याशेजारी. सर पुढे बसून ड्रायव्हरला फोटोतल्या मुलीची गोष्ट सांगत होते. तो बिचारा व्हय व्हय म्हणत होता.

शर्यत सुरू झाली. तिनं अशी काही मुसंडी मारली, की पहिल्याच फेरीत दोन हातांचं अंतर पडलं. पलीकडच्या टोकाला पांढऱ्या कपड्यातल्या एक बाई वाकून उभ्या होत्या. पोरीनं डोकं काढून बघितलं, वळली. बाईंनी हात वर केला. पोरीला काय कल्पना! ती पोहत राहिली, पहिली आली, शिडीकडच्या भिंतीला हात लावून वर बघून हसली. मग ध्वनिक्षेपकावरून तिचा क्रमांक पुकारला आणि बाद म्हणून जाहीर केलं.

सर धावले. हो, त्या दिवशी ते पंचवीस मीटर चालले, पन्नास चालले. घड्याळ नाचवत त्या बाईंना सांगू लागले, की माझ्या मुलीचा वेळ बघा, ही नोंद बघा, मी कोण आहे ते विचारा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या तलावाला पलीकडची भिंत नाहीये का?"

आजूबाजूचे प्रशिक्षक खो खो हसले. सरांच्या कपाळावर घाम आला आणि घामाबरोबर कलपाचा एक काळा ओघळ कानाजवळून खाली आला. या क्षणासाठी मी तीन वर्षं थांबले होते. मी हसले. मनापासून, पोटभर हसले, खोटं कशाला बोलू.

मग मी वळून पाहिलं तर पोरगी अजून पाण्यातच होती. शिडी धरून.

येताना जीपमध्ये सरांनी निदान सांगितलं, "मन कमकुवत. मोठ्या स्पर्धेला घाबरली." शिक्रापूर येईपर्यंत ते यावर बोलत होते. पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. शिरूरला चहाला उतरलो तेव्हा ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "मॅडम, भिताडाला शिवायचं असतं हे मला कुनीच सांगितलं न्हाई. तुमी तिकडंच असायच्या. तुमाला दिसलं न्हाई का?"

"पाणी फार उडतं गं," मी म्हटलं. "नीट दिसत नाही."

ती बरं म्हणाली.

सरांचं काय झालं, असं विचाराल तर काही झालं नाही. महिन्याभरात आवारातल्या मंगल कार्यालयात त्यांचा सत्कार झाला. ग्रामीण भागात जलतरण रुजवल्याबद्दल. भाषणात ते म्हणाले, की आपल्याकडच्या मुलांमध्ये गुणवत्ता आहे, दम नाही. टाळ्या पडल्या. शाल अंगावर घेऊन ते त्याच खुर्चीवर, त्याच कडुलिंबाखाली आजही बसतात. त्यांच्याबद्दल मला वाटणारी तुच्छता तसूभरही कमी झालेली नाही, आणि होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

दिवाळीनंतर ती वसतिगृहात परत आली नाही. तिचं स्पर्धेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र तेवढं ऑफिसात पडून राहिलं. जानेवारीत मला कळलं, की त्यांची टोळी कोल्हारलाच उतरलीय, आमच्या गावाच्या हद्दीत, नदीकडच्या उसात. प्रमाणपत्राचं निमित्त करून मी गेले.

पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची रांग होती. ती नुकतीच फडातून आली होती. हातांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्याला बापाचा शर्ट बांधलेला. मला बघून तिनं घाईघाईनं गोणपाट अंथरलं. आईला हाक मारून सांगितलं, "आये, मॅडम आल्यात पव्हायच्या." चुलीवर चहा ठेवला. प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि कोपीत पत्र्याच्या पेटीत ठेवून आली.

मी काहीबाही बोलत राहिले. पुढच्या वर्षी बघू, मी रेक्टरशी बोलते, बाहेरून परीक्षा देता येते. ती हूं हूं करत होती. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "सरांनी तुझं वाटोळं केलं बघ. त्या माणसाला काडीची अक्कल नाही."

तिनं चहाची बशी माझ्यापुढे सरकवली.

"सरांचं काय वाटत न्हाई मला," ती म्हणाली. "ते लांब हुते. त्यांना कुठनं दिसनार."

"मग?"

"मी वळायच्या आदी डोकं काडून बगायची ना मॅडम, तुमच्याकडंच बगायची. शेवटाला तर मुद्दाम बगायची. तुमी दर टायमाला हसायच्या." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होती. "मला वाटायचं, मी बरूबर करतीया म्हनून हसत्यात."

चहा निवत चालला होता. "घ्या ना," ती म्हणाली. मी बशी उचलली आणि तो चहा प्यायले.